तारण विश्वासाने, तर मग न्याय कृत्यांवरून कसा?

मोहरीदाणा (धागाकर्ती)

अभ्यासगटात आम्ही बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र पूर्ण केलं आणि लगेच याकोबाचं पत्र हाती घेतलं. दुसऱ्या अध्यायाशी सगळे अडखळले. पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो (रोम. ३:२८). याकोब म्हणतो, माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनी नीतिमान ठरतो (२:२४). दाखला दोघंही अब्राहामाचाच देतात आणि वचनही एकच पुढे करतात, उत्पत्ती १५:६.

"एकाच नाण्याच्या दोन बाजू" हे उत्तर मला लगेच मिळालं. ऐकायला बरं वाटतं, पण त्याने उलगडत काहीच नाही. शिवाय माझा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. खुद्द पौलच सांगतो की देव प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे फळ देईल (रोम. २:६), आणि आपल्या सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभं राहून देहाने जे केलं त्याचं फळ घ्यायचं आहे (२ करिंथ. ५:१०). प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात पुस्तकं उघडली जातात आणि मेलेल्यांचा न्याय त्यांच्या कृत्यांप्रमाणे होतो. तारण (पापापासून सुटका) दान आहे म्हणता, मग शेवटी कृत्यं कशाला तपासायची?

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता अभ्यासाचा नाही. मंडळीत सेवा करून करून दमलेली माणसं मी पाहिली आहेत. एवढं करूनही "देवाला हे पुरेल का?" ही धास्ती त्यांचा पिच्छा सोडत नाही. आणि "माझं तारण झालेलं आहे" या भरवशावर शेजारच्याच्या दुःखाकडे ढुंकूनही न पाहणारी माणसंही पाहिली आहेत. वचनं दोघांनाही तीच पाठ असतात. म्हणून विचारते. सविस्तर लिहा, घाई नाही.

जुना_करार

अब्राहामाचं आयुष्य क्रमाने मांडून पाहिलं तर निम्मा गुंता सुटतो.

७५ व्या वर्षी तो हारान सोडतो. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात त्याला मूलबाळ नाही. देव त्याला बाहेर नेऊन तारे दाखवतो, तो विश्वास ठेवतो आणि ते त्याचं नीतिमत्त्व म्हणून गणलं जातं. ८६ व्या वर्षी इश्माएल, ९९ व्या वर्षी सुंता, १०० व्या वर्षी इसहाक. त्यानंतर, मुलगा होमाची लाकडं वाहून नेण्याइतका मोठा झाल्यावर, मोरियाचा तो डोंगर, जिथे देव त्याला इसहाकाचा बळी द्यायला सांगतो (अध्याय २२).

पौलाचं बोट पंधराव्या अध्यायावर आहे. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो एकच गोष्ट विचारतो: हे गणलं गेलं तेव्हा सुंता झाली होती का? नव्हती. सुंतेच्या वेळी इश्माएल १३ वर्षांचा होता आणि पंधराव्या अध्यायात तो पोटातही नव्हता, म्हणजे मधे किमान तेवढी वर्षं गेली. देवाने अब्राहामाला जवळ केलं तेव्हा त्याच्या हातात दाखवण्यासारखं काहीही नव्हतं. पौलाला हे ठासून सांगायचं आहे.

याकोबाचं बोट बाविसाव्या अध्यायावर आहे. इसहाकाला वेदीवर ठेवलं तेव्हा "तो शास्त्रलेख पूर्ण झाला" असं तो म्हणतो (२:२३). म्हणजे पंधराव्या अध्यायातला विश्वास त्याला नाकारायचा नाहीच. तो विश्वास पुढच्या आयुष्यात कुठे पोहोचला, एवढंच तो विचारतोय. पौल आरंभाविषयी बोलतो आहे आणि याकोब वाटचालीविषयी. दोघांपुढची माणसंही वेगळी आहेत. पौलापुढे "सुंता करून घेतल्याशिवाय तुम्ही पुरते आमचे नाही" म्हणणारे, तर याकोबापुढे उघड्यानागड्या, उपाशी भावाबहिणीला "सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा" म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारे.

आणखी एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. पंधरा ते बावीस या अध्यायांमधला अब्राहाम काही आदर्श नाही. सोळाव्यात दासी हागारेपासून मूल मिळवण्याचं प्रकरण आहे. विसाव्यात तो जिवाच्या भीतीने अबीमलेख राजाला पुन्हा एकदा सांगतो की सारा (त्याची बायको) माझी बहीण आहे. देवाने ज्याला नीतिमान गणलं तोच माणूस घाबरतो, लपवाछपवी करतो, आणि त्यापायी दोन स्त्रियांना भोगावं लागतं. देव पंधराव्या अध्यायातला शब्द मागे घेत नाही. पण त्याला तिथेच पडूही देत नाही. कृपा म्हणजे काय हे मला या सहा-सात अध्यायांतून जितकं कळलं तितकं कुठल्याच व्याख्येतून कळलं नाही.

वाचनमात्र

जुना_करार, प्रतिसाद आवडला. राहाबबद्दलही लिहा ना. याकोब तिचंही नाव घेतो.

जुना_करार

हो, राहिलंच. राहाब म्हणजे यरीहोत इस्राएली हेरांना आसरा देणारी बाई. इब्री लोकांस पत्रात (११:३१) राहाब विश्वासाच्या यादीत आहे आणि याकोबाकडे (२:२५) कृतीच्या. बाई तीच, रात्रही तीच. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायातला क्रम पाहा. राजाची माणसं दारात येतात, ती हेरांना आधीच लपवून ठेवते आणि त्या माणसांना दुसरीकडे पाठवते. मग छतावर जाऊन हेरांना म्हणते, तुमचा देव परमेश्वर वर आकाशात आणि खाली पृथ्वीवर देव आहे हे मी जाणते. तिची श्रद्धा तोंडातून बाहेर पडण्याआधी हातांतून बाहेर पडली होती. या दोन गोष्टी वेगळ्या काढून कुठली आधी, कुठली नंतर असा हिशेब तिच्याबाबतीत करताच येत नाही.

निकदेम_रात्री

वरील विवेचनाला थोडी पुस्ती जोडतो.

'नियमशास्त्रातील कर्मे' असे पौल म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नेमके काय आहे, यावर गेल्या अर्धशतकात बराच खल झाला आहे. १९७७ साली नव्या कराराचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी दाखवून दिले की पहिल्या शतकातील यहूदी धर्म म्हणजे 'पुण्य साठवा आणि देवाची मर्जी विकत घ्या' असा प्रकार नव्हता. देवाने कृपेने करार केला आणि त्या करारात राहण्यासाठी आज्ञापालन, अशी ती समजूत होती. पुढे जेम्स डन आणि एन. टी. राईट यांनी मांडले की पौलाचा रोख प्रामुख्याने सुंता, खाण्यापिण्याचे नियम, शब्बाथ यांवर आहे, म्हणजे कोण आतला आणि कोण बाहेरचा हे ठरवणाऱ्या खुणांवर.

गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला बसत होता. याकोबाकडून काही माणसे आली आणि तो पंगतीतून उठून वेगळा झाला. पौलाने त्याला सर्वांदेखत धारेवर धरले, आणि 'विश्वासाने नीतिमान ठरणे' हा विषय तो या पत्रात तिथेच पहिल्यांदा काढतो. सुरुवात झाली ती कोण कोणाबरोबर जेवणार या प्रश्नावरून. म्हणजे ज्या शिकवणीवरून 'कृती गौण' असा निष्कर्ष आज काढला जातो, ती शिकवणच मुळात एका कृतीला आक्षेप घेताना मांडली गेली. भावाला पंगतीत वेगळे पाडणे हे सुवार्तेशी (ख्रिस्ताच्या शुभसंदेशाशी) विसंगत वर्तन आहे, असे पौलाचे म्हणणे आहे.

अर्थात ही मांडणी मी शेवटपर्यंत ताणणार नाही. रोम. ४:४-५ मध्ये पौल मजुरी आणि दान यांतला फरक सांगतो, तो केवळ सुंतेपुरता नाही. इफिस. २:९ आणि तीत ३:५ तर सरळ आपल्या कोणत्याही कर्तबगारीविषयी आहेत. माणूस देवापुढे स्वतःची बाजू भक्कम करण्यासाठी काहीही वापरतो. तेव्हा सुंता वापरली, आज उपासनेतील हजेरी वापरेल.

पौल आणि याकोब यांच्यात वितुष्ट होते असे समजणाऱ्यांनी गलती. २:९-१० अवश्य पाहावे. याकोब, पेत्र आणि योहान यांनी पौलाला सहभागितेचा उजवा हात दिला आणि एकच गोष्ट मागितली: गरिबांची आठवण ठेवा. पौल लिहितो, मी तेच करायला उत्सुक होतो. आणि त्याने ते खरोखर केले. यरुशलेमेतील गरिबांसाठीची वर्गणी १ करिंथ. १६, २ करिंथ. ८ व ९ आणि रोम. १५ अशी पत्रापत्रांतून येत राहते. मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांकडून पैसा गोळा करून तो स्वतः यरुशलेमेस निघाला. रोमकरांस पत्र, ज्याला आपण विश्वासाने तारण या शिकवणीचा गाभा मानतो, त्याने या वर्गणीच्या प्रवासाच्या तोंडावर लिहिले.

मोहरीदाणा

निकदेम_रात्री, शेवटचा परिच्छेद वाचून मी २ करिंथ. ८ उघडून बसले. पौल करिंथकरांकडे पैसे मागताना भीती घालत नाही, "द्या म्हणजे तारण मिळेल" असंही म्हणत नाही. तो फक्त म्हणतो, आपल्या प्रभूची कृपा तुम्हांला ठाऊक आहे, तो धनवान असता तुमच्यासाठी दरिद्री झाला (८:९). मागणीला दिलेलं कारण एवढंच. हे माझ्या पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

किनारा

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेल्या चोराने कुठली सत्कृत्यं केली? बाप्तिस्मा नाही, दानधर्म नाही, मंडळी नाही. "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" (लूक २३:४३). विषय संपला. याच्या पुढे जे काही जोडाल ते सुवार्तेत घातलेलं पाणी आहे. ज्या दमलेल्या माणसांबद्दल धागाकर्तीने लिहिलं ती अशा जोडण्यांमुळेच दमली आहेत.

जुना_करार

किनारा, चोराच्या दाखल्याशी शंभर टक्के सहमत. तारणासाठी त्याने काहीही मोजलं नाही. पण त्याला विश्वास ठेवल्यावर जगायला जे काही क्षण मिळाले त्यांत त्याने काय केलं तेही तिथेच लिहिलेलं आहे. दुसऱ्या चोराला तो आवरतो, आपल्या शिक्षेचा रास्तपणा कबूल करतो, आणि शिष्य पांगलेले असताना येशू निरपराध असल्याचं सर्वांदेखत बोलतो. हात खिळलेले होते, जीभ मोकळी होती. जे मोकळं होतं ते त्याने वापरलं.

किनारा

हे मान्य. पण त्या बोलण्यामुळे त्याला सुखलोक मिळाला असं कोणी म्हणू लागलं तर मी पुन्हा इथे येईन.

आणि विषय निघालाच आहे तर सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्युथर याच्याबद्दलही लिहितो, कारण त्याचं नाव घेऊन बेफिकिरी शिकवणारे मला जास्त खटकतात. १५२२ च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वर्षी रोमकरांस पत्राला लिहिलेल्या प्रस्तावनेत तो म्हणतो की विश्वास ही जिवंत, कामसू, सतत धडपडणारी गोष्ट आहे. सत्कृत्यं करावीत का, असं विश्वास विचारत बसत नाही, प्रश्न विचारला जाण्याआधीच त्याने ती केलेली असतात. हे फार थोड्यांना माहीत असतं. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमध्ये हीच प्रस्तावना वाचली जात असताना मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली याचं मन पालटलं, आणि त्यानंतरचं त्याचं आयुष्य तुरुंगांत, खाणकामगारांत, गरिबांत प्रचार करण्यात गेलं.

ल्युथरच्या मृत्यूनंतर त्याच्याच अनुयायांत यावर मोठं भांडण झालं. गेओर्ग मेजर म्हणू लागला की तारणासाठी सत्कृत्यं आवश्यक आहेत. ल्युथरचा जुना मित्र आम्सडोर्फ इतका भडकला की १५५९ साली त्याने थेट लिहिलं, सत्कृत्यं तारणाला अपायकारक आहेत! शेवटी १५७७ च्या 'फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड' या लुथरन मतपत्राने दोन्ही वाक्यं बाजूला सारली. सत्कृत्यं विश्वासणाऱ्याने करायचीच आहेत, पण त्यांना तारणाच्या कारणात बसवायचं नाही. मी याच जागी उभा आहे.

उंबरावरून

मी कॅथलिक आहे. धागा सभ्यपणे चालला आहे म्हणून लिहायचा धीर झाला. आमच्याबद्दल "हे लोक सत्कृत्यांनी स्वर्ग विकत घेतात" असं सर्रास बोललं जातं, त्यावर दोन शब्द.

ट्रेंटच्या परिषदेचा (ल्युथरच्या काळातली कॅथलिक चर्चची परिषद) नीतिमान ठरण्यावरचा हुकूमनामा १३ जानेवारी १५४७ चा. त्याच्या ३३ कलमांतलं अगदी पहिलं कलम असं आहे: ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कृत्यांनी देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत. आठव्या अध्यायात तर स्पष्ट आहे की नीतिमान ठरण्याआधीचं काहीही, विश्वास असो वा कृत्यं, त्या कृपेला माणसाला पात्र करत नाही. ही शिकवणही नवी नव्हती. ५२९ साली ऑरेंजच्या सभेने हेच म्हटलं होतं की विश्वासाचा आरंभसुद्धा कृपेनेच होतो.

मतभेद खरे आहेत, ते मी झाकणार नाही. सत्कृत्यं ही नीतिमत्त्वाची नुसती फळं आहेत, त्याच्या वाढीचं कारण नव्हेत, हे म्हणणं ट्रेंटच्या चोविसाव्या कलमाने नाकारलं. आमच्या मते कृपेत जगणारा माणूस सत्कृत्यांतून खरोखर वाढतो आणि देव त्याला खरोखर प्रतिफळ देतो. पण ते प्रतिफळ कसलं? प्राचीन चर्चचा धर्मपंडित ऑगस्टीन याने लिहिलंय, देव आपल्या गुणांना मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच दानांना मुकुट घालत असतो.

३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याच्या पंधराव्या परिच्छेदाचा आशय असा: आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि आपल्याला पवित्र आत्मा मिळतो. तो आपली मनं नवी करतो आणि आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करून पाचारण करतो. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ त्यात सामील झाले. जवळजवळ पाच शतकं जिच्यावरून एकमेकांना पाखंडी ठरवलं, त्या गोष्टीवर एवढं एकत्र म्हणता आलं याचा मला मनापासून आनंद आहे.

वाचनमात्र

मी ख्रिस्ती नाही, कुतूहलाने वाचतोय. मग हे पुण्यसंचयापेक्षा वेगळं कसं? शेवटी चांगलं केलं तर चांगलं फळ, असंच तुम्हीही म्हणताय ना?

मोहरीदाणा

वाचनमात्र, प्रश्नाबद्दल आभार. मला समजतं ते सांगते. संचयात खातं माझ्या नावावर असतं आणि जमा करणारी मीच असते. सुवार्ता सांगते की ते खातंच ख्रिस्ताने आपल्या अंगावर घेतलं. त्यामुळे मी गरजवंताला जेवण देते तेव्हा ते माझ्या कुठल्याही शिलकीसाठी नसतं, किंवा नसावं. त्या माणसाला भूक आहे म्हणून ते असतं. नाहीतर त्याची भूक ही माझ्या प्रगतीची पायरी होते, आणि माणसाला असं पायरी करणं मला फार वाईट वाटतं.

ल्युथरने १५२० मध्ये हेच लिहिलं होतं: ख्रिस्ती माणूस स्वतःमध्ये जगत नाही, तो विश्वासाने ख्रिस्तात जगतो आणि प्रीतीने शेजाऱ्यात.

बेथानी

नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझी आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून आहे. तिचं सगळं मीच करते. सुरुवातीला प्रार्थना करून कामाला लागायचे, मनात प्रेम असायचं. आता बऱ्याचदा काहीच नसतं. कपडे बदलते, भरवते, रात्री उठते, पण आतून कोरडी. कधी कधी चिडते. वर किनारा यांनी लिहिलंय की विश्वास विचारत बसत नाही, आपोआप करतो. माझ्याकडून आपोआप काहीच होत नाही, सगळं ओढून आणावं लागतं. मग हा विश्वास जिवंत आहे का? की मी नुसती कर्मं करतेय?

निकदेम_रात्री

बेथानीताई, तुमच्या प्रश्नापुढे आमची सगळी विद्वत्ता थोडी बाजूला ठेवावी लागेल.

मत्तय २१:२८-३१ मध्ये दोन मुलगे आहेत. बाप दोघांनाही द्राक्षमळ्यात जायला सांगतो. एक म्हणतो 'जातो' आणि जात नाही. दुसरा म्हणतो 'मी जाणार नाही', मग त्याला पस्तावा होतो आणि तो जातो. बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केले, असे येशू विचारतो. दुसऱ्या मुलाने मळ्यात गाणी म्हणत काम केले असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. तो गेला, एवढेच आहे.

उत्साह हा विश्वासाचा पुरावा नाही आणि थकवा हा अविश्वासाचा पुरावा नाही. पौल 'प्रीतीच्या योगे कार्य करणारा विश्वास' म्हणतो (गलती. ५:६) तेव्हा त्याच्या लेखी प्रीती म्हणजे मनाला वाटणारा ओलावा नव्हे. १ करिंथ. १३ मधले प्रीतीचे पहिलेच वर्णन 'सहनशील' असे आहे. रात्री उठणे हे तेच आहे.

किनारा

बेथानी, माझ्या वाक्याने तुम्हांला ओझं झालं असेल तर ते मला उतरवू द्या. ल्युथरचं ते वाक्य विश्वासाबद्दल आहे, अंगातल्या ताकदीबद्दल नाही. आणि मी पहिल्यापासून जे सांगतोय ते तुमच्यासाठीच सांगायला हवं होतं: देव तुम्हांला आईच्या सेवेवरून स्वीकारत नाही. उद्या तुम्ही आजारी पडलात आणि काहीच करू शकला नाहीत तरी त्याच्याजवळची तुमची जागा तसूभरही हलणार नाही. चिडलात, तर तेही त्याच्याकडे न्या. स्तोत्रसंहितेत चिडलेल्या माणसांच्या प्रार्थना भरपूर आहेत.

दुसरं म्हणजे मदत मागा. मंडळीत सांगा. तुम्ही कुठे असता ते मला माहीत नाही, पण तुमच्या मंडळीतल्या लोकांसाठी याकोब २:१५-१६ लिहिलेलं आहे. त्यांनी "देव तुम्हांला बळ देवो" म्हणून निघून जाणं हेच त्या वचनातलं "सुखाने जा" आहे. रात्रीची पाळी कोणीतरी घ्यायला हवी.

उंबरावरून

किनारा यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. विशेषतः शेवटच्या वाक्याशी.

बेथानी

सगळ्यांचे आभार. पाळकांना विचारते. इतके दिवस विचारलं नाही, कारण मागणं म्हणजे विश्वास कमी पडतोय असं वाटायचं.

मोहरीदाणा

बेथानी, जरूर विचारा आणि काय झालं ते इथे कळवा.

आता माझ्या मूळ प्रश्नावर मी कुठे येऊन पोहोचले ते लिहिते. गेले काही दिवस मत्तयाचे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचतेय. सातव्या अध्यायात (७:२१-२३) काही लोक न्यायाच्या दिवशी येशूला म्हणतात, प्रभू, प्रभू, आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला नाही का? भुतं घालवली नाहीत का? पुष्कळ अद्भुत कृत्यं केली नाहीत का? तो म्हणतो, मला तुमची कधीच ओळख नव्हती. पंचविसाव्या अध्यायात तो उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, आजारी होतो तेव्हा समाचाराला आलात, तुरुंगात होतो तेव्हा भेटलात. ते म्हणतात, आम्ही तुला केव्हा पाहिलं?

पहिल्यांची यादी तयार आहे. दुसऱ्यांना आठवतच नाही. पहिल्यांची कामं मोठी, लोकांच्या डोळ्यांत भरणारी. दुसऱ्यांची कामं अशी की कोणाच्याही हातून व्हावीत, म्हणजे अन्न, पाणी, कपडे, भेट. आणि न्याय दोन्हीकडे कृत्यांचं नाव घेऊनच होतोय! म्हणजे न्यायाच्या दिवशी कृत्यं बघितली जातात हे खरं. पण स्वतःच्या बचावासाठी जपून ठेवलेली कृत्यं तिथे कामाला येत नाहीत. बघितलं जातं ते हे, की येशूला मी ओळखत होते का आणि त्याच्या लहानांतल्या लहान भावांशी वागताना ती ओळख कुठे दिसली का.

म्हणून मला आता वाटतं, विश्वासाने तारण आणि कृत्यांवरून न्याय यांत भांडण नाही. ज्याला आपल्या निकालाची चिंता उरली नाही त्यालाच शेजाऱ्याकडे नीट बघायला सवड मिळते. दमलेल्या माणसांची नजर स्वतःवर असते, आपलं पुरेल का म्हणून. बेफिकीर माणसांचीही नजर स्वतःवरच असते, आपलं झालं म्हणून. जर्मन पाळक बोन्हॉफर याने १९३७ मध्ये स्वस्त कृपेविरुद्ध (आज्ञापालनाविना मिळते असं मानलेल्या कृपेविरुद्ध) लिहिलं ते दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी, आणि त्याच लिखाणात त्याने म्हटलं की जो विश्वास ठेवतो तोच आज्ञा पाळतो आणि जो आज्ञा पाळतो तोच विश्वास ठेवतो. १९४५ च्या एप्रिलमध्ये फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं गेलं. ते वाक्य त्याने जगून दाखवलं, म्हणून मला ते हलकं करता येत नाही.

जुना_करार

सुंदर. एक भर घालतो: १ करिंथ. ३:१२-१५. पाया ख्रिस्त. त्यावर कोणी सोनं-रुपं रचतो, कोणी लाकूड, गवत, पेंढा. अग्नी प्रत्येकाचं काम पारखेल. काम जळून गेलं तर त्या माणसाचं नुकसान होईल, पण तो स्वतः तरेल, जणू अग्नीतून. पौल इथे प्रामुख्याने मंडळी बांधणाऱ्या सेवकांविषयी बोलतोय हे खरं, तरी माणूस आणि त्याचं काम यांत त्याने जो फरक केलाय तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. आग कामाला लागते.

किनारा

मोहरीदाणा, बहुतेक पटलं. फक्त मत्तय २५ वापरताना मी सावध असतो. "जेवण दिलं म्हणून राज्य मिळालं" असं तिथून वाचणं फार सोपं आहे.

उंबरावरून

किनारा, तुमची सावधगिरी रास्त आहे, पण उत्तर त्या उताऱ्यातच आहे असं मला वाटतं. चौतिसावं वचन पाहा. राजा म्हणतो, या, जगाच्या स्थापनेपासून तुमच्यासाठी सिद्ध केलेलं राज्य *वतन* म्हणून घ्या. वतन कोणी कमवत नाही, ते बापाकडून मुलांना येतं. आणि त्यांनी कोणालाही जेवण देण्याच्या कितीतरी आधी, जग घडलं तेव्हापासून, ते तयार होतं. "कारण मी भुकेला होतो" हे त्याच्या नंतर येतं. तुम्ही त्या "कारण"ला फळ म्हणाल, मी त्याला कृपेत झालेली वाढ म्हणेन, आणि त्यावर आपण दोघं पुढेही वाद घालू. पण राज्य आधीपासून त्यांच्यासाठीच ठेवलेलं होतं हे तुम्हीही मानता आणि मीही.

किनारा

हो, मानतो.